शेताखालचा निचरा : पिकाला काय मिळते, ओढ्याला काय जाते

या अंकातील सर्व प्रश्न भूमिगत निचऱ्याविषयीचे आहेत, म्हणजे शेताच्या पृष्ठभागाखाली सच्छिद्र नळ्या टाकून जमिनीतील जादा पाणी बाहेर काढण्याच्या पद्धतीविषयीचे. आलेली पत्रे दोन प्रकारच्या वाचकांची आहेत. काहींच्या शेतात पाणी साचते, तर काहींच्या विहिरीत किंवा ओढ्यात ते पाणी शेवटी पोचते. दोघांचे प्रश्न मुद्दाम एकत्र घेतले आहेत, कारण नळीचे शेतातील टोक एवढाच आपला विषय आणि बाहेर पडणारे टोक दुसऱ्या कोणाचा, अशी वाटणी करता येत नाही, असे माझे ठाम मत आहे.

प्रश्न : जोराच्या पावसानंतर माझ्या शेतात बरेच दिवस वाफसा, म्हणजे मशागतीजोगी ओल, येत नाही. पिकाची खालची पाने पिवळी पडतात. पुढे पावसाने ताण दिला, की हेच पीक सर्वांत आधी कोमेजते. जिथे पाणी जास्त, तिथेच पीक पाण्यावाचून सुकावे, हे कसे? शिवाय नळ्या टाकल्यावर कोरड्या काळात जमीन आणखी कोरडी पडणार नाही का? आणि उत्पादन किती वाढेल?

उत्तर : आपल्या दोन्ही शंकांचे मूळ मातीतील पोकळ्यांमध्ये आहे. मुळे श्वसन करतात आणि त्यासाठी लागणारा ऑक्सिजन मातीतील मोठ्या पोकळ्यांमधून त्यांच्यापर्यंत पोचतो. या पोकळ्या पाण्याने भरल्या की ऑक्सिजनची ये-जा जवळपास थांबते, कारण पाण्यातून त्याचा प्रसार हवेतल्यापेक्षा सुमारे १०,००० पट मंद गतीने होतो. उष्ण हवामानात मुळे आणि सूक्ष्मजीव मिळून साचलेल्या पाण्यातील ऑक्सिजन एक-दोन दिवसांतच संपवतात. त्यानंतर काही जिवाणू श्वसनासाठी नायट्रेटमधील, म्हणजे नत्राच्या पाण्यात विरघळणाऱ्या रूपातील, ऑक्सिजन वापरू लागतात आणि पिकासाठी दिलेले नत्र (नायट्रोजन) वायुरूपाने हवेत निघून जाते. खालची पाने आधी पिवळी पडतात, याचे कारण हेच. नत्राची चणचण भासू लागली की पीक जुन्या पानांतील नत्र काढून नव्या पानांना देते. पाणी आणखी काळ टिकले, तर मातीतील मँगनीज आणि लोह अधिक विद्राव्य रूपात येतात. त्यांचे प्रमाण मुळांना घातक ठरण्याइतके वाढू शकते, आणि मुळे कुजवणाऱ्या बुरशींनाही अशीच ओल मानवते.

आता पुढच्या कोमेजण्याविषयी. बहुतेक पिकांची मुळे पाण्याने संपृक्त झालेल्या थरात शिरत नाहीत. वाढीच्या सुरुवातीला भूजल पातळी वर असेल, तर मुळे वरच्या वीतभर मातीतच पसरतात. पुढे पाऊस थांबून पातळी झपाट्याने खाली गेली, की खालच्या थरात ओलावा असूनही या उथळ मुळांना तो मिळवता येत नाही. निचरा झालेल्या जमिनीत मात्र मुळे पहिल्यापासून खोल जातात आणि ताणाच्या काळात पीक अधिक दिवस तग धरते.

नळ्यांनी जमीन कोरडी पडेल ही भीती समजण्यासारखी आहे, पण बव्हंशी निराधार आहे. नळीत येते ते केवळ गुरुत्वाकर्षणाने खाली उतरणारे मोकळे पाणी. मातीच्या बारीक पोकळ्यांनी धरून ठेवलेले पाणी, ज्यावर पीक जगते, ते नळीकडे येतच नाही. चिकण मातीत मोकळ्या पाण्याचे प्रमाण मातीच्या आकारमानाच्या जेमतेम ३ ते ५ टक्के असते. म्हणजे अशा जमिनीत भूजल पातळी पूर्ण एक मीटर खाली आणली, तरी बाहेर जाणारे पाणी ३० ते ५० मिलिमीटर पावसाएवढेच असते. तरीही एक अपवाद सांगायला हवा. काही रेताड आणि पोयट्याच्या जमिनींत मुळांच्या थोडे खाली असलेल्या भूजलातून केशाकर्षणाने, म्हणजे मातीच्या बारीक पोकळ्यांतून आपोआप चढून, ओलावा वर येत असतो आणि पीक कोरड्या आठवड्यांत त्यावर निभावते. तिथे नळ्या गरजेपेक्षा खोल टाकल्या, तर हा आधार तुटतो. म्हणून निचरा गरजेपुरताच असावा.

उत्पादन किती वाढेल, असेही आपण विचारले आहे. त्याला एक आकडा देणे योग्य होणार नाही. ज्या वर्षी पाऊस बेताचा, त्या वर्षी निचऱ्याचा फायदा डोळ्यांना दिसणारही नाही. ओल्या वर्षी मात्र पीक हाती लागणे आणि न लागणे इतका फरक पडू शकतो. एका हंगामातील विक्रमापेक्षा दहा हंगामांतील स्थैर्य हा या पद्धतीचा खरा लाभ आहे. वेळेवर वाफसा आल्याने पेरणी आणि आंतरमशागत वेळेवर होते आणि ओल्या जमिनीत ट्रॅक्टर घालून माती दाबली जाण्याचे टळते, हा लाभही मोठा आहे, पण हिशेब मांडताना तो नेहमी विसरला जातो.

प्रश्न : पाणी साचण्याने मुळे गुदमरतात, तर मग भात पाण्यात उभा राहून कसा वाढतो?

उत्तर : भाताच्या खोडात आणि मुळांत हवा वाहून नेणाऱ्या पोकळ्यांचे सलग जाळे असते आणि पानांकडून आलेला ऑक्सिजन त्यातून मुळांच्या टोकांपर्यंत पोचतो. मका, कापूस, गहू किंवा डाळवर्गीय पिकांत अशी पूर्ण विकसित व्यवस्था नसते. मात्र भातालाही निचरा अगदीच नको असे नाही. पाणी काढून जमिनीत हवा खेळू देण्याची आणि कापणीपूर्वी जमीन टणक करण्याची वेळ येते, तेव्हा चांगला निचरा उपयोगी पडतो.

प्रश्न : बागायती जमिनीवर पांढरा थर दिसू लागला आहे. नळ्या टाकल्या की क्षार निघून जातील, असे सांगितले जाते. हे कितपत खरे आहे?

उत्तर : अर्धे खरे आहे, आणि उरलेल्या अर्ध्याकडे दुर्लक्ष झाल्यामुळे अनेक शेतांत नळ्या असूनही जमीन सुधारलेली नाही.

आधी क्षार कुठून येतात ते पाहू. चांगल्या समजल्या जाणाऱ्या पाण्यातही दर लिटरला अर्धा ग्रॅम क्षार असू शकतात. वर्षाला १,००० मिलिमीटर इतके सिंचन केले, तर एका हेक्टरवर १०,००० घनमीटर पाणी आणि त्यासोबत ५ टन क्षार येतात. पीक पाणी घेते, क्षार मागे ठेवते. भूजल पातळी खोल असेल तर पावसाचे पाणी हे क्षार मुळांच्या थराखाली ढकलते. पण अतिसिंचनाने किंवा कालव्याच्या पाझराने पातळी जमिनीपासून मीटर-दीड मीटरवर आली, की प्रवाह उलटतो. केशाकर्षणाने वर चढलेले पाणी पृष्ठभागावर वाफ होऊन उडते आणि आपण पाहिलेला पांढरा थर तेवढा मागे उरतो.

नळी हे चढणे थांबवते आणि खाली उतरलेल्या खाऱ्या पाण्याला वाट देते. परंतु क्षार आपणहून नळीकडे चालत येत नाहीत. त्यांना विरघळवून खाली नेण्यासाठी वरून गोडे पाणी द्यावे लागते, मग ते पावसाचे असो किंवा सिंचनाचे. ढोबळ नियम असा, की जेवढ्या खोलीची माती स्वच्छ करायची तेवढ्याच उंचीचे पाणी तिच्यातून पार गेले, तर विद्राव्य क्षारांपैकी साधारण ७० ते ८० टक्के निघून जातात. हे पाणी एकदम साचवून देण्यापेक्षा थोड्या थोड्या अंतराने, वाफे करून दिले, तर कमी पाण्यात अधिक काम होते. निचऱ्याची वाट नसताना असे पाणी दिले तर पातळी आणखी वर येऊन रोग बळावतो. म्हणून नळ्या आधी आणि धुवण हे त्यानंतर.

दुसरी महत्त्वाची गोष्ट म्हणजे आपली जमीन केवळ क्षारयुक्त आहे की चोपण झाली आहे, हे माती परीक्षणाने ठरवा. क्षारयुक्त जमिनीत विद्युत वाहकता (विरघळलेल्या क्षारांचे माप) जास्त असते, पण मातीची रचना बरी असते आणि पाणी मुरते. चोपण जमिनीत मातीच्या कणांना सोडियम चिकटलेला असतो, सामू (pH) बहुधा ८.५ च्या वर असतो, ओल्यावर चिखल आणि वाळल्यावर दगड अशी तिची अवस्था होते आणि पाणी खाली उतरतच नाही. अशा जमिनीत कितीही नळ्या टाकल्या तरी त्या कोरड्याच राहतील. तिथे आधी जिप्सम हे कॅल्शियमयुक्त खनिज घालून सोडियमची जागा कॅल्शियमला द्यावी लागते आणि सुटलेला सोडियम मग धुवणाच्या पाण्याबरोबर नळीतून बाहेर जातो. ज्या जमिनीत दोन्ही दोष एकत्र आहेत, तिथे जिप्सम न घालता नुसते धुवण केल्यास क्षार निघून जातात आणि सोडियम मागे राहतो, म्हणजे क्षारयुक्त जमीन आपल्याच हाताने चोपण होते. माती परीक्षण न करता नळ्यांचे काम सुरू करू नका, ही माझी कळकळीची विनंती आहे.

सुधारणेच्या काळात कोणते पीक घ्यावे, याचाही विचार करावा. मातीच्या संपृक्त अर्काची (पाण्याने पूर्ण भिजवलेल्या मातीतून काढलेल्या पाण्याची) विद्युत वाहकता दर मीटरला सुमारे १ डेसिसीमेन्स झाली की घेवड्याचे उत्पादन घटू लागते. ऊस आणि मका १.७ पर्यंत, गहू सुमारे ६ पर्यंत, तर कापूस आणि सातू ८ च्या आसपासपर्यंत टिकतात. पहिल्या एक-दोन हंगामांत सहनशील पीक घेऊन नंतर संवेदनशील पिकाकडे वळणे, हा शहाणपणाचा क्रम आहे.

प्रश्न : नळ्या किती खोल आणि किती अंतरावर टाकाव्यात? शेजारच्याचे मोजमाप तसेच घेतले तर चालेल का?

उत्तर : चालणार नाही. अंतर मुख्यतः माती पाणी किती वेगाने वाहू देते, दररोज किती पाणी काढायचे आहे आणि खाली अभेद्य थर किती खोलीवर आहे, या तीन गोष्टींवर ठरते. डच शास्त्रज्ञ हूगहाउट यांनी १९४० मध्ये मांडलेले सूत्र आजही यासाठी वापरतात. त्यातून निघणारा एक निष्कर्ष सर्वांनी लक्षात ठेवावा असा आहे. इतर सर्व गोष्टी समान असताना जमिनीची जलवाहकता चौपट असेल, तर नळ्यांतील अंतर दुप्पट ठेवता येते. एकाच बांधाच्या दोन बाजूंना जलवाहकतेत चौपट फरक असणे मुळीच दुर्मिळ नाही, म्हणून शेजाऱ्याचे अंतर आपल्या शेतात अपुरे पडेल किंवा दुप्पट खर्चाचे ठरेल. पावसाळी प्रदेशांत नळ्या बहुधा एक मीटरच्या आसपास खोल आणि १० ते ३० मीटर अंतरावर असतात. कोरड्या बागायती प्रदेशांत क्षारांना दूर ठेवण्यासाठी त्या दीड ते अडीच मीटर खोल आणि अधिक अंतरावर टाकल्या जातात.

नळीला सलग उतार हवा आणि बारीक वाळू किंवा गाळ असलेल्या जमिनीत तिच्याभोवती गाळणीचे आवरण हवे. लोहाचे प्रमाण जास्त असलेल्या जमिनीत नळीच्या छिद्रांवर तांबूस, चिकट थर जमतो, त्यामुळे तिथे नळ्या वेळोवेळी पाण्याच्या दाबाने धुता येतील अशी सोय सुरुवातीपासूनच ठेवावी. उत्तम काम असेल तर निचऱ्याचे आयुष्य मोठे असते. मूळ स्कॉटलंडचे शेतकरी जॉन जॉन्स्टन यांनी अमेरिकेतील न्यूयॉर्क राज्यात १८३८ मध्ये भाजलेल्या मातीचे नळे टाकून या पद्धतीची तिथे सुरुवात केली. प्लास्टिकच्या वळीदार नळ्या १९६० च्या दशकानंतर रूढ झाल्या, पण कित्येक शेतांत मातीच्या जुन्या नळ्या आजही वाहत आहेत.

प्रश्न : आमच्या वस्तीच्या वरच्या बाजूला मोठ्या क्षेत्रावर निचरा नळ्या टाकल्या गेल्या आहेत. ओढ्याचे पाणी पूर्वीपेक्षा नितळ दिसते, तरी तपासणीत नायट्रेट वाढल्याचे आढळले. पाणी स्वच्छ दिसत असताना असे कसे? हे पाणी पिण्यास धोक्याचे आहे का?

उत्तर : आपले निरीक्षण अचूक आहे आणि त्या दोन्ही गोष्टी एकाच कारणाने घडतात. निचरा नसलेल्या संपृक्त जमिनीवर पाऊस पडला की पाणी पृष्ठभागावरून वाहते आणि माती, गाळ, त्याला चिकटलेले स्फुरद (फॉस्फरस) असे सारे सोबत नेते. नळ्या टाकल्यावर जमीन अधिक पाणी मुरवून घेते, पृष्ठभागावरचा प्रवाह घटतो, धूप कमी होते, म्हणून ओढा नितळ दिसतो. पण नायट्रेट मातीला चिकटत नाही. मातीच्या कणांवर ऋण भार असतो आणि नायट्रेटचा भारही ऋण असतो, त्यामुळे ते पाण्याबरोबर सहज खाली उतरते. पूर्वी हे पाणी सावकाश झिरपत, ऑक्सिजन नसलेल्या खोल थरांतून आणि ओढ्याकाठच्या दलदलीतून जात असे आणि वाटेत जिवाणू बऱ्याच नायट्रेटचे निरुपद्रवी नत्रवायूत रूपांतर करत. नळी ही सारी वाट टाळते आणि मुळांखालचे पाणी अल्पावधीत ओढ्यात पोचवते. पिकाच्या मुळांना हवा देणारी हीच व्यवस्था नायट्रेटचा नाश करणाऱ्या जिवाणूंची जागा काढून घेते. म्हणूनच हा प्रश्न कोणाच्या बेफिकिरीपुरता मर्यादित नाही. खत बेताने देणाऱ्या शेतकऱ्याच्या नळीतूनही नायट्रेट येते, कारण मातीतील सेंद्रिय पदार्थ कुजतानाही ते तयार होत असते.

प्रमाणाची कल्पना यावी म्हणून एक साधा हिशेब मांडतो. वर्षभरात नळ्यांतून ३०० मिलिमीटर पाणी गेले आणि त्यात दर लिटरला १० मिलिग्रॅम नायट्रेट-नत्र (नायट्रेटमधील केवळ नत्राचे वजन) असेल, तर दर हेक्टरी ३० किलो नत्र ओढ्यात गेले. शेतकऱ्याच्या दृष्टीनेही ही थोडी हानी नाही.

धोक्याविषयी आता स्पष्ट बोलतो. जागतिक आरोग्य संघटनेची मर्यादा दर लिटरला ५० मिलिग्रॅम नायट्रेट अशी आहे, भारतीय मानकात ती ४५ आहे, तर अमेरिकेत ती १० मिलिग्रॅम नायट्रेट-नत्र अशी सांगितली जाते. हे आकडे वेगळे दिसले तरी जवळपास सारखेच आहेत, कारण १० मिलिग्रॅम नत्र म्हणजे सुमारे ४४ मिलिग्रॅम नायट्रेट. आपल्या अहवालात कोणते एकक आहे ते आधी पाहा, कारण नत्राच्या एककातील २० हा आकडा नायट्रेटचा समजून अनेक जण निश्चिंत होतात, तो प्रत्यक्षात मर्यादेच्या दुप्पट असतो. सर्वाधिक धोका सहा महिन्यांच्या आतील बाळांना असतो. अशा पाण्यात कालवलेले दूध दिल्यास त्यांच्या रक्ताची ऑक्सिजन वाहण्याची क्षमता घटू शकते. हे पाणी उकळून उपयोग होत नाही. उलट पाणी आटल्याने नायट्रेटचे प्रमाण वाढते. मर्यादा ओलांडलेली असेल, तर बाळासाठी दुसऱ्या स्रोताचे पाणी आजपासूनच वापरा.

हा प्रश्न एखाद्या ओढ्यापुरता राहत नाही, हे अमेरिकेच्या मक्याच्या पट्ट्यात दिसून आले आहे. आयोवातील डी मॉइन शहराच्या पाणीपुरवठा संस्थेने २०१५ मध्ये वरच्या भागातील तीन काउंट्यांच्या (जिल्ह्यांच्या) निचरा मंडळांवर दावा लावला, कारण नळ्यांतून नदीत येणारे नायट्रेट काढण्याचा भार शहरावर पडत होता. २०१७ मध्ये न्यायालयाने तो दावा फेटाळला, पण नदीतील नायट्रेट त्यामुळे हटले नाही. हेच पाणी मिसिसिपीतून मेक्सिकोच्या आखातात जाते. तिथे पोषक द्रव्यांवर शैवाल माजते, ते मरून कुजताना तळाच्या पाण्यातील ऑक्सिजन संपतो आणि जलचरांना तिथून पळावे किंवा मरावे लागते. २०१७ च्या उन्हाळ्यात अशा प्राणवायूहीन क्षेत्राचा विस्तार २२,७०० चौरस किलोमीटरांहून अधिक मोजला गेला.

प्रश्न : मी निचरा नळ्या टाकल्या आहेत आणि त्यांचा पिकाला फायदाही झाला आहे. खालच्या लोकांचे पाणी बिघडू नये म्हणून मला काय करता येईल?

उत्तर : आपण हा प्रश्न विचारलात, याचे मनापासून समाधान वाटते. नळ्या उपटण्याची गरज नाही. उपाय तीन ठिकाणी करता येतात, शेतात, नळीच्या तोंडाशी आणि तोंडाच्या पुढे.

शेतात पहिली गोष्ट म्हणजे नत्र एकदम न देता पिकाच्या मागणीप्रमाणे विभागून देणे, आणि जोराच्या पावसाच्या किंवा मोठ्या पाणी पाळीच्या आधी ते न देणे. तेवढ्याने मात्र भागत नाही, कारण पीक काढल्यानंतर उघड्या राहिलेल्या जमिनीत नायट्रेट तयार होतच असते आणि ते घेणारे मूळ तिथे नसते. मधल्या काळात आच्छादन पीक घेणे हा त्यावरचा उत्तम उपाय आहे. आयोवा राज्याच्या २०१३ मधील पोषकद्रव्य-घट आराखड्यात राय या तृणधान्याच्या आच्छादन पिकाने नायट्रेटची हानी सरासरी ३१ टक्के कमी होते, असे धरले आहे.

नळीच्या तोंडाशी करण्याचा उपाय म्हणजे नियंत्रित निचरा, आणि सपाट शेत असेल तर माझी पहिली पसंती त्यालाच आहे. मुख्य नळीवर एक उभे कुंड बांधून त्यात सरकत्या फळ्या बसवतात. फळ्या घातल्या की पाणी त्यांच्या उंचीपर्यंत चढल्याशिवाय बाहेर पडत नाही. पेरणी आणि कापणीच्या आधी फळ्या काढून जमीन मोकळी करावी, पीक उभे राहिले की काही फळ्या घालून ओलावा राखावा आणि शेत रिकामे असताना पातळी बरीच वर ठेवावी. यात पाणीच कमी जाते, म्हणून नायट्रेटही कमी जाते. त्याच आराखड्यात ही घट सरासरी ३३ टक्के धरली आहे. ताणाच्या काळात राखलेला ओलावा पिकाला उपयोगी पडतो, हा वरचा लाभ. जमिनीला उतार एक टक्क्यापेक्षा जास्त असेल तर मात्र एका कुंडाचा परिणाम थोड्याच क्षेत्रापर्यंत पोचतो आणि हा उपाय परवडत नाही. फळ्या हलवण्याची आठवण ज्याला राहणार नाही, त्याने या वाटेला जाऊ नये. चुकीच्या वेळी बंद ठेवलेला निचरा हा निचरा मुळीच नसण्याइतका घातक ठरतो. खारवट जमिनीत तर तज्ज्ञांना विचारल्याशिवाय पातळी वर ठेवूच नये.

तोंडाच्या पुढे करण्याच्या उपायांपैकी लाकडाच्या ढलप्यांनी भरलेला चर मला सर्वांत सुलभ वाटतो. नळीचे पाणी ओढ्यात जाण्याआधी या चरातून नेतात. ढलप्यांतील कार्बनवर जगणारे जिवाणू पाण्यातील ऑक्सिजन संपवतात आणि मग नायट्रेट वापरू लागतात. शेतात जी क्रिया पिकाचे नत्र पळवते, तीच इथे मुद्दाम घडवून आणायची असते. आयोवाच्या आराखड्यात या चराने होणारी घट सरासरी ४३ टक्के धरली आहे. पाणी चरात किती वेळ थांबते याला फार महत्त्व आहे. वेळ कमी पडला तर नायट्रेट तसेच निघून जाते, आणि पाणी अति काळ अडकले तर कुजक्या अंड्यांसारखा वास येणारा हायड्रोजन सल्फाइड तयार होतो. दहा-पंधरा वर्षांनी ढलप्या बदलाव्या लागतात. ओढ्याकाठी गवत-झाडांचा पट्टा असेल, तर नळीचे पाणी सरळ ओढ्यात न सोडता काठाला समांतर टाकलेल्या दुसऱ्या सच्छिद्र नळीतून त्या पट्ट्याच्या मातीत मुरवता येते. आणि जागा उपलब्ध असेल, तर नळ्यांच्या शेवटी उथळ पाणथळ तयार करणे हा सर्वांत टिकाऊ उपाय आहे, पक्ष्यांनाही त्याचा लाभ मिळतो.

प्रश्न : स्फुरद मातीला घट्ट चिकटते. मग ते नळीतून जाण्याचा प्रश्नच कुठे येतो?

उत्तर : पाणी मातीतून समान रीतीने झिरपले असते, तर आपले म्हणणे पूर्ण बरोबर ठरले असते. प्रत्यक्षात भेगा, गांडुळांची बिळे आणि कुजलेल्या मुळांच्या पोकळ्यांतून पाणी थेट नळीपर्यंत उतरते आणि वाटेतील मातीशी त्याचा फारसा संपर्कच येत नाही. पृष्ठभागावर फेकलेले खत किंवा शेणखत आणि त्यावर लगेच आलेला पाऊस, हा योग सर्वांत वाईट. तणनाशके आणि कीटकनाशकेही पहिल्या मोठ्या पावसात याच वाटेने नळीत येतात. स्फुरदाचे प्रमाण नायट्रेटच्या तुलनेत नगण्य वाटते, पण गोड्या पाण्याच्या तळ्यात दर लिटरला काही शतांश मिलिग्रॅमही शैवाल माजण्यास पुरेसे असतात. अमेरिकेतील ईरी सरोवरात माजलेल्या विषारी नील-हरित शैवालामुळे ऑगस्ट २०१४ मध्ये टोलेडो शहराच्या सुमारे पाच लाख लोकांना नळाचे पाणी न पिण्याचा इशारा द्यावा लागला होता. या सरोवराला मिळणाऱ्या नद्यांच्या खोऱ्यांत निचरा नळ्यांचे दाट जाळे आहे. खत पृष्ठभागावर न फेकता मातीत गाडणे, आणि ज्या जमिनीत स्फुरद आधीच भरपूर आहे तिथे ते न घालणे, हे यावरचे उपाय आहेत. लाकडी ढलप्यांचा चर स्फुरदावर काम करत नाही.

प्रश्न : खाऱ्या जमिनीतून निघालेले पाणी शेवटी सोडायचे कुठे?

उत्तर : हा प्रश्न नळ्या टाकण्याआधी विचारायचा असतो. कॅलिफोर्नियातील सॅन वाकीन खोऱ्यात बागायती जमिनींचे निचऱ्याचे पाणी समुद्रापर्यंत नेणारा कालवा अर्धवट राहिला आणि ते पाणी केस्टरसन येथील जलाशयात सोडले गेले. हा जलाशय पाणपक्ष्यांचे आश्रयस्थान होता. त्या जमिनींमध्ये नैसर्गिक सेलेनियम होते, ते पाण्याबरोबर तिथे साठत गेले आणि १९८३ मध्ये पक्ष्यांच्या अंड्यांत विकृत पिल्ले आढळली. १९८६ पर्यंत तो प्रवाह बंद करावा लागला. नळीतून केवळ मीठ येत नाही, त्या मातीत जे जे विद्राव्य आहे ते सारे येते, म्हणून बोरॉन, सेलेनियम आणि आर्सेनिकची तपासणी आराखड्याच्या टप्प्यावरच करावी.

पाणी फार खारे नसेल तर त्याचा पुनर्वापर होतो. नाईलच्या त्रिभुज प्रदेशात निचऱ्याचे पाणी कालव्याच्या पाण्यात मिसळून पुन्हा सिंचनासाठी वापरतात. सहनशील पिकांना ते थेटही देता येते. पण प्रत्येक वापरात क्षारांचे प्रमाण वाढत जाते, त्यामुळे शेवटी उरणाऱ्या थोड्या, पण अतिखाऱ्या पाण्याला जागा लागतेच. समुद्र जवळ नसेल तर बाष्पीभवनाची तळी हाच मार्ग उरतो आणि त्यांच्या तळाला अस्तर नसेल तर भूजल बिघडते.

प्रश्न : निचरा कुठे करूच नये?

उत्तर : दोन प्रकारच्या जमिनी चटकन सांगता येतात. एक म्हणजे सेंद्रिय पदार्थांनी भरलेली दलदलीची जमीन. ती हवेच्या संपर्कात आली की कुजून आणि आक्रसून खचते व मोठ्या प्रमाणात कार्बन डायऑक्साइड सोडते. इंग्लंडमधील होम फेन येथे निचऱ्याच्या वेळी, १८५१ च्या सुमारास, जमिनीलगत माथा ठेवून गाडलेला लोखंडी खांब आता सुमारे चार मीटर उघडा पडला आहे. दुसरी म्हणजे किनारपट्टीची, लोह आणि गंधक यांची संयुगे असलेली जमीन. पाणी काढताच त्यांच्यापासून गंधकाम्ल तयार होते, सामू ४ च्याही खाली जातो आणि ओढ्यातील मासे मरतात. अशा जमिनी जशा आहेत तशा राखण्यातच हित आहे.

प्रश्न : नळीच्या तोंडाचे पाणी मी स्वतः तपासायचे ठरवले, तर कधी आणि काय तपासावे?

उत्तर : वर्षातून एकदाच, सोयीच्या दिवशी घेतलेल्या नमुन्याने दिशाभूल होते. खत दिल्यानंतरच्या पहिल्या मोठ्या पावसात किंवा पाणी पाळीनंतर, पीक भर वाढीत असताना आणि शेत रिकामे असताना, असे किमान तीन नमुने घ्यावेत. नमुना स्वच्छ बाटलीत घेऊन थंड ठेवावा आणि शक्यतो २४ तासांत प्रयोगशाळेत पोचवावा. नायट्रेट, विद्युत वाहकता आणि शक्य असल्यास विद्राव्य स्फुरद, एवढे पुरेसे आहे. त्याच वेळी ठरावीक मापाची बादली किती सेकंदांत भरते तेही लिहून ठेवा. प्रवाह माहीत असेल तरच प्रमाणावरून एकूण किती नत्र गेले ते काढता येते. तो आकडा आपण त्या हंगामात दिलेल्या नत्राशेजारी लिहा आणि पुढच्या हंगामातील खताची मात्रा व वेळ ठरवताना समोर ठेवा.